यंत्र आपले, शाई मात्र त्यांचीच?

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालासाठी ई-वे बिल सक्तीचे झाले. तेव्हापासून प्रिंटर ही कापड व्यापाऱ्याच्या दृष्टीने चैनीची वस्तू राहिलेली नाही. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीहून माल निघायचा तर गाठी बांधण्याइतकेच बिल छापणेही जरुरीचे असते. ड्रायव्हर कागद हातात घेतल्याशिवाय गाडी हलवीत नाही. कापडवाल्यांचे सोडून द्या, पण शाळा, मदरसे, मशिदींचे ट्रस्ट, झेरॉक्सवाले, लग्नाचे दावतनामे छापणारे, सरकारी फॉर्म भरून देणारे असे सारेच आज प्रिंटरवर अवलंबून आहेत. म्हणून या पानावर एरव्ही सुताचे भाव आणि बाजारातील मंदी यांविषयी लिहिले जात असले, तरी आज आम्ही शाईविषयी लिहीत आहोत.

तक्रार थोडक्यात अशी. आपण रोख पैसे मोजून प्रिंटर विकत घेतो. शाई संपते. कंपनीची कार्ट्रिज महाग वाटते म्हणून आपण बाजारातील दुसऱ्या उत्पादकाची, स्वस्त आणि त्याच मापाची कार्ट्रिज आणतो. ती नीट बसते, पण प्रिंटर छापत नाही. ‘ही कार्ट्रिज चालणार नाही’ असा संदेश पडद्यावर येतो. काही वेळा तर तीच कार्ट्रिज महिनाभर व्यवस्थित चालते आणि एका सकाळी अचानक बंद पडते. गिऱ्हाईक कार्ट्रिज विकणाऱ्याशी भांडते, विकणारा आपल्या घाऊक व्यापाऱ्याकडे बोट दाखवितो, आणि ज्याने खरा अडसर घातला तो मात्र या भांडणात कोठेच दिसत नाही.

चिपची करामत

हा अडसर कसा घातला जातो ते आधी समजून घेतले पाहिजे. कार्ट्रिजवर नखाएवढी एक चिप असते. प्रिंटर सुरू झाला की तो या चिपला विचारतो, तू कोण आणि तुझ्यात किती शाई आहे? उत्तर पसंत पडले तर काम सुरू, नाही तर बंद. हे प्रश्न कोणते असावेत आणि कोणते उत्तर मान्य करावे, हे प्रिंटरच्या पोटातील फर्मवेअर ठरविते. फर्मवेअर म्हणजे कंपनीने यंत्रात लिहून ठेवलेला हुकूमनामा. पूर्वी यंत्र कारखान्यातून निघाले की हा हुकूमनामा कायम होत असे. आता प्रिंटर इंटरनेटला जोडलेला असतो आणि कंपनी आपल्या कार्यालयात बसून तो केव्हाही बदलू शकते. काल चालणारी कार्ट्रिज आज न चालण्याचे कारण बहुधा हेच असते.

चिपचे दुसरे काम मोजदाद ठेवण्याचे. शाई किती उरली हे अनेक यंत्रे प्रत्यक्ष पाहत नाहीत. किती छापले यावरून अंदाज करतात. हिशेबाचा आकडा पुरा झाला की आत शाई किंवा टोनरची पूड शिल्लक असतानाही कार्ट्रिज ‘रिकामी’ ठरू शकते. मापात कमी देणे आपण दुकानदारीतील मोठा ऐब मानतो. इथे माप पुरे दिले जाते, पण ते वापरून संपण्याआधीच भांडे काढून घेतले जाते.

असे का केले जाते? कारण या धंद्याचा नफा यंत्रात नसून शाईत आहे. दाढीचे यंत्र स्वस्त आणि पाती महाग, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. प्रिंटर कमी किमतीत द्यायचा आणि पुढे वर्षानुवर्षे शाईवर ती कमी भरून काढायची, असा हा हिशेब आहे. या हिशेबात गैर काही नाही. व्यापारी पहिल्या सौद्यात कमी नफा घेऊन गिऱ्हाईक जोडतोच. परंतु जोडलेले गिऱ्हाईक माल चांगला म्हणून परत यावे, आणि बांधून ठेवलेले गिऱ्हाईक दुसरीकडे जाताच येत नाही म्हणून परत यावे, यांत फरक आहे.

एका मोठ्या कंपनीचे प्रकरण

सप्टेंबर २०१६ मध्ये एचपी कंपनीच्या ऑफिसजेट मालिकेतील प्रिंटरांनी जगभर एकाएकी इतरांच्या कार्ट्रिज नाकारायला सुरुवात केली. त्याच्या काही महिने आधी पोहोचलेल्या फर्मवेअरमध्ये हा बंदोबस्त करून ठेवलेला होता, असे टीकाकारांनी दाखवून दिले. गिऱ्हाइकांनी ओरड केली तेव्हा त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने कबूल केले की, ही गोष्ट गिऱ्हाइकांना नीट कळवायला हवी होती, आणि हवे असेल त्यांच्यासाठी हा अडसर नसलेले फर्मवेअर उपलब्ध करून दिले. अमेरिकेतील सामूहिक दाव्यात कंपनीने १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. दोष मात्र मान्य केला नाही. ऑस्ट्रेलियात तेथील ग्राहक आयोगाने लक्ष घातल्यावर २०१८ मध्ये सुमारे दोन हजार गिऱ्हाइकांना प्रत्येकी ५० डॉलर देण्याचे ठरले. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२० मध्ये याच कारणासाठी कंपनीला १ कोटी युरो दंड केला. खरेदीच्या वेळी या निर्बंधाची पुरेशी कल्पना दिली नाही, हा तेथील मुख्य आक्षेप होता.

यानंतर कंपनीने निर्बंध सोडला नाही. तो जाहीर करून ठेवला. आता तिच्या पुष्कळ प्रिंटरांच्या खोक्यावर आणि माहितीपत्रकात असे लिहिलेले असते की, हे यंत्र कंपनीची चिप असलेल्या कार्ट्रिजसाठीच आहे. कंपनीची जुनी चिप पुन्हा वापरून भरलेली कार्ट्रिज चालते, दुसऱ्याच्या चिपची अडविली जाऊ शकते. आमच्या रिफिल करणाऱ्या बंधूंनी हा भेद ध्यानात ठेवावा. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांनी दूरचित्रवाणीवर उघडच सांगितले की, विकलेला प्रत्येक प्रिंटर ही आमची गुंतवणूक असते आणि जे गिऱ्हाईक आमची शाई वापरीत नाही त्याच्यावर केलेली गुंतवणूक वाया जाते. छपाई मासिक वर्गणीवर न्यावी, हा हेतूही त्यांनी लपविला नाही.

दुसरी एक हकिकत याहून बोलकी आहे. २०२१-२२ मध्ये जगभर चिपांचा तुटवडा पडला. कॅनन कंपनीला आपल्या काही टोनर कार्ट्रिजवर बसविण्यासाठी चिपच मिळेनात. माल चिपशिवाय पाठवावा लागला आणि कंपनीचीच यंत्रे कंपनीच्याच अस्सल कार्ट्रिजवर संशय घेऊ लागली. तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने युरोपातील गिऱ्हाइकांना कळविले की, पडद्यावर येणारी सूचना बाजूला सारून छपाई चालू ठेवा. छपाईच्या दर्जावर परिणाम होणार नाही, टोनर किती उरला हे मात्र बरोबर कळणार नाही. जी चिप दर्जासाठी आवश्यक आहे असे आपल्याला सांगितले जाते तिच्यावाचून छपाई नीट होते, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

हा वाद शंभर वर्षांचा आहे

वाचकांना वाटेल की हे संगणकाच्या जमान्यातील नवे दुखणे आहे. तसे नाही. शाळेत प्रश्नपत्रिका काढण्यासाठी सायक्लोस्टाइलचे यंत्र असे, ते पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना आठवत असेल. अमेरिकेत ए. बी. डिक कंपनी अशी यंत्रे विकत असे आणि यंत्रावरच पट्टी लावलेली असे की, यात आमचाच स्टेन्सिल कागद आणि आमचीच शाई वापरावी. हेन्री नावाच्या एका विक्रेत्याने अशा यंत्राच्या मालकिणीला दुसरी शाई विकली. कंपनीने त्याला कोर्टात खेचले. १९१२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी कंपनीचा पक्ष उचलून धरला. शाईचा डबा विकणे हा गुन्ह्यासारखा अपराध ठरला.

हा निकाल लोकांच्या पचनी पडला नाही. १९१४ मध्ये तेथील संसदेने क्लेटन कायदा करून, स्पर्धेला मारक ठरणाऱ्या अशा बांधीव विक्रीला आळा घातला. आणि १९१७ मध्ये त्याच न्यायालयाने सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या खटल्यात आपला आधीचा निकाल मोडीत काढला. यंत्राचे पेटंट यंत्रापुरते, त्यात घालायच्या मालावर त्याचा अधिकार नाही, असे तत्त्व ठरले.

पुढे १९३६ मध्ये आयबीएमचे प्रकरण आले. ती कंपनी हिशेबाची यंत्रे भाड्याने देताना आमचीच छिद्रांची कार्डे वापरा अशी अट घालीत असे. दुसरी कार्डे घातली तर यंत्राचा हिशेब चुकेल, असे तिचे म्हणणे होते. पण अमेरिकन सरकारला जादा भाडे घेऊन स्वतःची कार्डे वापरण्याची मुभा कंपनीनेच दिलेली होती आणि त्यांवर काम बिनबोभाट चालत होते. न्यायालयाने अट रद्द केली. आमची कार्डे उत्तम आहेत हे कंपनीने खुशाल सांगावे, पण इतरांना दार बंद करू नये, असा त्या निकालाचा सारांश आहे.

प्रिंटरच्या कार्ट्रिजवर थेट दोन मोठे खटले झाले, दोन्ही लेक्समार्क कंपनीचे. पहिल्यात, २००२ मध्ये, स्टॅटिक कंट्रोल ही कंपनी बनवीत असलेली बदली चिप म्हणजे कॉपीराइटच्या कायद्याचा भंग आहे असा दावा होता. २००४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो मनाई हुकूम उठविला. दुसरा खटला रिकाम्या कार्ट्रिज भरून विकणाऱ्या एका लहानशा कंपनीवर होता. लेक्समार्क काही कार्ट्रिज सवलतीत विकत असे, अट एवढीच की वापरून झाली की ती दुसऱ्या कोणाला न देता आम्हालाच परत करावी. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. मग ती देशात विकलेली असो वा परदेशात.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. कार्ट्रिज भरणे बेकायदा नाही, एवढेच त्या निकालाने ठरले. यंत्राने ती नाकारू नये, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. कायद्याने दिलेला हक्क चिपच्या हाताने काढून घेता येतो, आणि सध्या नेमके तेच चालले आहे. वकील आणि न्यायाधीश यांच्यासमोर जी अट टिकली नाही, ती आता फर्मवेअरमध्ये जाऊन बसली आहे.

कंपन्यांची बाजू

व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे. कंपन्या तीन मुद्दे मांडतात.

पहिला मुद्दा नकली मालाचा. तो शंभर टक्के खरा आहे. बाजारात कंपनीचे खोके, कंपनीचा शिक्का आणि आत भलतीच पूड, असा माल सर्रास मिळतो. पण आम्ही तीन प्रकारांत फरक करतो. दुसऱ्याच्या नावाने विकलेली कार्ट्रिज नकली. स्वतःच्या नावाने, अमुक यंत्रात बसेल असे सांगून विकलेली कार्ट्रिज ती वेगळी. आणि कंपनीचीच रिकामी कार्ट्रिज भरून, भरलेली आहे असे सांगून विकली तर ती तिसरी. मागावर विणलेल्या कापडावर नामांकित मिलचा शिक्का मारला तर ती लबाडी झाली. तेच कापड स्वतःच्या नावाने विकले तर तो व्यापार झाला. नकली मालाविरुद्ध पोलीस आहेत, ट्रेडमार्कचा कायदा आहे. त्या नावाखाली दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला एकाच काठीने हाकणे न्यायाचे नाही.

दुसरा मुद्दा दर्जाचा. बाहेरची शाई गळते, हेड चोंदते, छपाई फिकी येते. असे होते, आम्ही नाकारीत नाही. परंतु शिवणयंत्राच्या कंपनीने आमचाच दोरा लावा, नाही तर सुई हलणार नाही, असे केले असते तर आपल्या शिंप्यांनी ते चालवून घेतले असते काय? हलक्या दोऱ्याने शिवण उसवली तर शिंपी पुढच्या वेळी चांगला दोरा आणतो. वाईट मालाची शिक्षा बाजार देतो. बाहेरच्या शाईमुळेच बिघाड झाला असेल तर कंपनीने तो दाखवून द्यावा आणि त्या दुरुस्तीचे पैसे घ्यावेत; त्याला कोणी हरकत घेणार नाही.

तिसरा मुद्दा असा की, यंत्र तोट्यात विकले असल्यामुळे शाईवर कमाई केली नाही तर धंदा बुडेल. याचे उत्तर बाजारानेच देऊन ठेवले आहे. कार्ट्रिजची शाई महाग म्हणून आपल्याकडील आणि इंडोनेशियातील कारागिरांनी प्रिंटरच्या बाहेर बाटल्या लावून, नळ्यांनी आत शाई पोचविण्याची युक्ती रूढ केली होती. कंपन्यांचा तिला विरोध होता. पण २०१० मध्ये एप्सन कंपनीने इंडोनेशियात स्वतःच टाकीचा प्रिंटर आणला आणि लवकरच तो भारतातही आला. यंत्राची किंमत जास्त, शाई बाटलीतून आणि स्वस्त. नंतर कॅनन आणि एचपी यांनीही टाकीचे प्रिंटर काढले. कोणी बुडाले नाही. यंत्राचे पैसे यंत्रात आणि शाईचे शाईत, हा सरळ हिशेब त्यांनाही परवडला.

शर्त कोणती आणि केव्हा?

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. त्या काळी दीनियातच्या तासाला मदिनेच्या बाजारातील एक वाकया शिकविला जाई, तो या पानाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. हजरत पैगंबर (स.) यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा वर कोरडे दिसणारे धान्य आत ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे त्याला विचारले गेले आणि धोका देणाऱ्याविषयी सक्त इशारा देण्यात आला. त्याला ओले धान्य विकण्याची मनाई झाली नव्हती. ते झाकून ठेवणे, हा त्याचा अपराध होता.

आम्ही आलिम नाही आणि फतवा देणे हा आमचा अधिकार नाही. परंतु एक व्यापारी म्हणून प्रिंटरच्या प्रश्नाला हीच कसोटी लावावी असे आम्हास वाटते. एखादी कंपनी सौद्याच्या आधी स्पष्ट सांगते की, ‘यंत्र स्वस्तात देतो, पण शाई आमचीच लागेल’ आणि गिऱ्हाईक राजीखुशीने ते घेते, तर तो सौदा आम्ही वाईट मानणार नाही. मासिक वर्गणीच्या योजनेत वर्गणी थांबली की कार्ट्रिज बंद पडते. तेही आधी सांगितले असेल तर समजण्यासारखे आहे, कारण तेथे गिऱ्हाईक कार्ट्रिजचा मालक नसतोच. पण शर्त खोक्याच्या तळाशी, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहायची. किंवा सौदा पुरा होऊन वर्ष उलटल्यावर इंटरनेटवरून नवी शर्त यंत्रात उतरवायची, हे ओले धान्य तळाशी ठेवण्यासारखेच आहे. विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा हात राहिला तर मिल्कियत या शब्दाला अर्थ उरत नाही. आम्ही विकलेल्या साडीवर दोन वर्षांनी जाऊन अमुकच पोलके घाला असे सांगू लागलो, तर गिऱ्हाईक आम्हाला उंबऱ्यावरूनच परत पाठवील.

पोटापाण्याचा प्रश्न

या वादाला आणखी एक बाजू आहे, आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातील झेरॉक्सच्या टपरीपर्यंत रिफिलिंग हा लहान भांडवलाचा धंदा झाला. एक टेबल, पुडीच्या बाटल्या, स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश आणि हातातील कसब. दहावी-बारावीनंतर पुढे शिकू न शकलेल्या अनेक मुलांनी यावर घर चालविले. त्यांतील पुष्कळ मुले आपल्या मोहल्ल्यांतील आहेत. एचपीच्या लेसरजेट १०२० या यंत्राची १२ए कार्ट्रिज तर या मंडळींना पाठ आहे, कारण तिच्यावर चिप नव्हती. उघडा, साफ करा, पूड भरा आणि बसवा. नंतरच्या अनेक मॉडेलांत चिप आली. आता पूड भरली तरी नवी चिप विकत आणून लावावी लागते, आणि फर्मवेअर बदलले की ती चिपही निकामी होते. कसब तेच, मेहनत तीच, पण कमाई चिपवाल्याच्या खिशात जाते.

शिवाय एक कार्ट्रिज दोन-तीन वेळा भरली जाते तेव्हा तितकेच प्लॅस्टिक कचऱ्यात जायचे वाचते. एकीकडे पर्यावरणाच्या जाहिराती द्यायच्या आणि दुसरीकडे चांगली कार्ट्रिज चिपच्या हुकमाने फेकून द्यायला लावायची, हे इस्राफ नव्हे तर काय?

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात प्रिंटरच्या शाईसाठी वेगळा कायदा नाही. तथापि हात अगदीच रिकामे नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘निर्बंधात्मक व्यापार प्रथा’ या व्याख्येत, एक वस्तू घ्यायची असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी सक्ती मोडते. मात्र धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरायला घेतली असेल तर ठरतो. म्हणजे टपरीवर स्वतः बसून झेरॉक्स काढणारा ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, मोठ्या पेढीला तो मार्ग अवघड आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगात करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीवर फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी.

पेढ्यांसाठी स्पर्धा कायदा, २००२ आहे. त्यात धंद्यासाठी खरेदी करणाराही ग्राहकच आहे आणि बांधीव विक्रीचा उल्लेख स्पष्ट आहे. या कायद्याखाली भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारातील गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. पुढे अपिले झाली, परंतु विकलेल्या यंत्रानंतरचा बाजार हा स्वतंत्र बाजार असतो आणि तेथील मक्तेदारी तपासली जाऊ शकते, हे तत्त्व त्या निकालाने आपल्याकडे आणले. मोटारीच्या भागांना लावलेले तत्त्व प्रिंटरच्या शाईला का लावू नये? केंद्र सरकारनेही जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी पोर्टल सुरू केले. व्यापारी संघटनांनी प्रिंटरचा प्रश्न तेथे नेटाने मांडला पाहिजे.

आमच्या मागण्या

मागण्या मोठ्या नाहीत. एक, यंत्रात फक्त कंपनीचीच शाई चालत असेल तर खोक्याच्या दर्शनी भागावर, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठी-हिंदीतही तसे छापावे. दोन, विक्रीनंतर फर्मवेअर बदलून आधी चालणारी शाई बंद करण्यास मनाई असावी; सुरक्षेसाठी करायची दुरुस्ती आणि शाईचा निर्बंध हे एकत्र पाठवू नयेत. तीन, कार्ट्रिज संपत आल्याची सूचना जरूर द्यावी, पण छापायचे की थांबायचे हे मालकाला ठरवू द्यावे. चार, केवळ बाहेरची शाई वापरली एवढ्या कारणाने वॉरंटी नाकारू नये.

हे होईपर्यंत आपणही डोळे उघडे ठेवून खरेदी करावी. यंत्राची किंमत पाहून भुलू नये. कार्ट्रिजची किंमत भागिले ती किती पाने छापते, हा हिशेब दुकानातच काढावा. सुताचा नंबर आणि वजन तपासल्याशिवाय आपण सौदा करतो काय? यंत्राबरोबर मिळणारी पहिली कार्ट्रिज अनेकदा कमी भरलेली असते, तिच्यावरून अंदाज बांधू नये. काम जास्त असेल तर टाकीचे यंत्र पाहावे. बाहेरची कार्ट्रिज चालते का हे विक्रेत्याला विचारून बिलावर लिहून घ्यावे. फर्मवेअर आपोआप बदलण्याची सोय बंद ठेवता येते का, तेही पाहावे. पण ती बंद ठेवल्यास सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे.

आणि रिफिलवाल्या आमच्या तरुण बंधूंना दोन शब्द. भरलेली कार्ट्रिज भरलेली म्हणूनच विका, कंपनीच्या नव्या खोक्यात घालू नका. स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावा, पक्के बिल द्या, गळाली तर बदलून द्या. उरलेली पूड गटारात झटकू नका. ती फुप्फुसालाही चांगली नाही, काम करताना तोंडावर फडके बांधा. तुमच्यातील एकाने नकली माल विकला की कंपनीला साऱ्यांवर कुलूप लावायला निमित्त मिळते. हक्क मागणाऱ्याचा व्यवहार स्वच्छ असेल, तर आयोगापुढेही त्याचा शब्द वजनदार ठरतो.